हाताखाली कोणी नसताना

परळ, मुंबई

चि. मुक्ता हिस आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, माझ्या हाताखाली एकही माणूस नाही, मग मी कोणाला काय आणि कोणत्या अधिकाराने सांगू?" त्या वेळी मी गप्प राहिले, कारण तुझ्या आवाजातला थकवा मला कळत होता आणि तेव्हा दिलेले उत्तर तुला उपदेशासारखे लागले असते. ठाणे काही परळपासून लांब नाही, तरी सावकाश वाचता यावे म्हणून हे लिहून पाठवते आहे.

२६ जुलै २००५ रोजी तू नऊ वर्षांची होतीस. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या आणि आमच्या रात्रपाळीच्या मुली रुग्णालयापर्यंत पोहोचूच शकल्या नाहीत, एवढे तुला ठाऊक आहे. त्या रात्री वॉर्डात काय झाले ते मात्र मी तुला कधी नीट सांगितलेले नाही. इनचार्ज सिस्टर दुपारीच निघाल्या होत्या. मागे उरलेल्या आम्ही तिघी एकाच श्रेणीच्या स्टाफ नर्स, त्यामुळे कोणी कोणाला हुकूम द्यावा असा प्रश्नच नव्हता. ओव्हर द्यायचा, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या नर्सकडे सोपवायची, तर तो घ्यायलाही समोर कोणी नव्हते. मी धीराची होते असे समजू नकोस. माझे हात थरथरत होते आणि तू शेजारी कोणाकडे थांबली आहेस हेही मला कळले नव्हते. मी फक्त एवढेच म्हणाले, की सलाइनच्या किती बाटल्या उरल्या आहेत ते आधी मोजू या. मोजून झाल्यावर स्टिकिंगच्या लांब पट्टीवर एकेका खाटेचा नंबर आणि बाटली बदलायची वेळ लिहिली आणि ती पट्टी ड्युटीच्या टेबलावर चिकटवली. मग वॉर्डबॉय मामांना विचारले, की ऑक्सिजनचा सिलिंडर लागलाच तर कुठून आणता येईल. पंचवीस वर्षे ज्यांना आम्ही फक्त स्ट्रेचर न्यायला सांगत आलो होतो, त्या मामांना स्टोअरची दुसरी किल्ली कोणाकडे असते हे नेमके माहीत होते. पहाटे दोनच्या सुमारास माझ्या दोन्ही मैत्रिणी मला विचारू लागल्या, "आता कोणती खाट?" मला वाटलेला विश्वास त्या प्रश्नानंतरचा आहे, पट्टी लिहिण्याच्या आधीचा नाही.

तू मात्र आधी आत्मविश्वास येईल आणि मग बोलेन, अशी वाट पाहत बसली आहेस. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडले होते, की 'हे मला जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः पार पाडलेल्या कामातून. दुसऱ्याला करताना पाहणे आणि कोणी पाठीवर हात ठेवणे यांचा वाटा त्यानंतरचा. म्हणून काम लहान निवड, पण ते पूर्ण तडीस ने.

असे काम तुझ्यासमोर आहे. टेस्टिंगवाले आणि डेव्हलपमेंटवाले आपापल्या जागी चोख आहेत, पण काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना अडते आणि त्या मधल्या जागेला कोणी वाली नाही, असे तूच सांगितलेस. आमच्याकडे जिवाला धोका होई तोही बहुधा ओव्हरच्या वेळीच. मंगळवारच्या बैठकीत काय ठरले, ते कोणी करायचे आणि कधीपर्यंत, एवढ्या तीन गोष्टी त्याच संध्याकाळी लिहून सर्वांना पाठव आणि चुकले असेल तर दुरुस्त करा, असे मनापासून विचार. मात्र त्याआधी दोन्हीकडच्या जुन्या माणसांना एकेकटे भेटून त्यांची अडचण ऐकून घे. चारचौघांत अचानक अडचणीत आणलेला माणूस तुझ्या यादीला कधीच आपली म्हणणार नाही.

मोठ्या पदाच्या माणसाशी मतभेद असेल तर कसे बोलावे, तेही तू विचारले होतेस. एकदा एका तरुण डॉक्टरांनी घाईत तोंडी डोस सांगितला आणि तो मला दहापट वाटला. 'चूक आहे' असे म्हणायची माझी छाती झाली नाही, पण मी म्हणाले, "डॉक्टर, लिहिण्याआधी एकदा परत वाचते, बरोबर आहे का सांगा." दशांश चिन्ह बोलण्यात राहून गेले होते, हे त्यांना स्वतःच्याच कानांनी ऐकल्यावर कळले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी आणली, तिच्यात छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे, असा एक मुद्दा आहे. एकदा तोंड उघडलेल्या माणसाला पुढे धोका दिसल्यावर बोलणे सोपे जाते. तूही बैठकीच्या पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी बोल, मग ते एखाद्या तारखेची खात्री करून घेण्याएवढेच का असेना.

एका बाबतीत मात्र सावध राहा. पुढाकार घेणाऱ्या मुलीकडे वाढदिवसाचा केक, निरोपसमारंभाची वर्गणी, पाहुण्यांचा चहा हे सगळे आपसूक येऊन पडते आणि वर्षाअखेरी त्याची दखल कुठेच नसते. ज्याने काम पुढे सरकते तेवढेच हाती धर, बाकीचे पाळीपाळीने वाटून दे. सहा महिने ही मधली जागा सांभाळलीस, की काय बदलले ते तारखांसह लिहून साहेबांसमोर ठेव आणि पदाचे व पगाराचे स्पष्ट विचार. मी ते कधीच विचारले नाही, याची मला अजून खंत वाटते.

मंगळवारी बैठक संपली की, कितीही उशीर झाला तरी फोन कर. आणि रविवारी जेवायला येशील तेव्हा ती पहिली यादी बरोबर आण, मला वाचायची आहे.

तुझी,
आई