विंचचं वायरिंग करून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

परवाच्या पावसात बागेच्या तळाला एटीव्ही, म्हणजे माझी हँडलची चारचाकी, मडगार्डापर्यंत रुतली, आणि तुम्ही वायरिंग केलेल्या विंचने, म्हणजे मोटरवर दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राने, तिला जांभ्याच्या कातळापर्यंत वर आणलं. कॉन्टॅक्टर, म्हणजे बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा तो मोठा स्विच, एकदाही सुटला नाही. तुमच्या समोर नीट बोलता आलं नव्हतं, म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितो.

तुमच्या आधी दोघांनी त्या गाडीला हात लावला होता. पहिल्याने घरच्या वायरिंगची 6 चौरस मिलिमीटरची वायर ओढली, लग, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या, पकडीने चेपले आणि निगेटिव्ह चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, रंगवलेल्या बोल्टला जोडली. लोड आला की कॉन्टॅक्टर टकटक करायचा. दुसऱ्याने वायरीकडे बघितलंसुद्धा नाही, "मोटर गेली, नवी घ्या" म्हणाला. मोटर ठणठणीत होती. पैसे दोघांनीही पूर्ण घेतले.

तुम्ही मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं केबलच्या पार शेवटच्या टोकाला लावलंत, आणि विंच लोडवर चालवायला सांगितलंत. दुखणं तिथंच सापडलं. बॅटरीपासून मोटरपर्यंत जाऊन-येऊन चार मीटर वायर, आणि जोराच्या ओढीला दीडशे अँपिअर. 6 च्या तांब्यात जवळजवळ 1.8 व्होल्ट वायरीतच जिरतात, 16 च्या केबलमध्ये 0.7. वर खाऱ्या हवेत गंजलेली ती चॅसिसवरची निगेटिव्हची जोडणी. व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टरची कॉइल सोडते, सोडल्यावर व्होल्टेज परत चढतं, की ती पुन्हा ओढते. दर टकटकीला आत ठिणगी. असं चालत राहिलं की एक दिवस कॉन्टॅक्टरमधले एकमेकांना टेकणारे पॉइंट चिकटतात आणि बटण सोडलं तरी विंच थांबत नाही. दोर गुंडाळला जात असताना हात जवळ असेल तर काय होईल, हे तुम्ही आवाज न चढवता समजावलंत, आणि बॅटरीपाशी पॉझिटिव्हवर आयसोलेटर, म्हणजे हाताने करंट पूर्ण तोडायचा स्विच, बसवलात. आधीच्या दोघांना हे माहीत नव्हतं की सांगायची तसदी घ्यायची नव्हती, कोण जाणे.

16 ची केबल, दाबयंत्राने क्रिम्प केलेले तांब्याचे लग, वर हीट श्रिंक, निगेटिव्ह थेट बॅटरीला, कॉन्टॅक्टर सीटखाली उंच आणि कोरड्या जागी. विंच 'आत'-'बाहेर' चालवायच्या बटणाची, म्हणजे रॉकर स्विचची, लाल वायर आधी थेट बॅटरीवर होती, म्हणजे चावी काढलेली असताना पोराटोरांनी बटण दाबलं तरी विंच फिरली असती. तुम्ही टेस्ट लॅम्प लावून चावीबरोबर पेटणारी आणि चावीबरोबर विझणारी वायर शोधलीत आणि स्विच तिच्यावर घेतलात. कॉन्टॅक्टरकडून येणारी निळी आणि पिवळी केबल मोटरला आवळताना खालचा नट एका पान्याने धरून दुसऱ्याने वरचा फिरवलात, नाहीतर मोटरमधून बाहेर आलेला स्क्रू, स्टडच फिरतो आणि आतली जोडणी तुटते. 'आत' दाबल्यावर दोर ड्रमवर बाणाच्याच दिशेने चढतो ना, हे हुक अडकवायच्या आधी पाहिलंत, कारण उलट्या अंगाने चढलेल्या दोराला विंचचा ब्रेक धरत नाही.

पण काका, माझ्या मनात घर करून बसलंय ते वेगळंच. सगळं जोडून झालं होतं, अंधार पडत आला होता. तुम्ही मला हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायला लावलंत आणि केबल आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्या फटीत आपलं बोट घातलंत. उजवीकडे वळवल्यावर बोट मावलं नाही. घासून इन्सुलेशन कापायला कदाचित वर्ष लागलं असतं, आणि तोवर तुमचा-आमचा हिशेब कधीच मिटलेला. तुम्ही काही न बोलता बांधलेले सगळे केबल टाय कापलेत, केबल दुसऱ्या अंगाने फिरवलीत, आणि चॅसिसची धार लागते तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा तिच्यावर चढवलात. मग पुन्हा हँडल, पुन्हा बोट. या वेळी मावलं. जास्तीच्या तासाचे पैसे विचारले तर म्हणालात, "पहिल्यांदाच नीट घ्यायला हवी होती मी."

स्वतःची चूक स्वतः शोधून, कुणी सांगितलं नसताना दुरुस्त करणारी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची कामं अडत नाहीत. गावोगावच्या छोट्या गॅरेजांत अशी माणसं बसलेली असतात आणि त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे ओढताना इंजिन चालू ठेवतो आणि मध्ये थांबून मोटरला हात लावून बघतो. पहिल्या जोराच्या ओढीनंतर नट पुन्हा तपासायला सांगितलं होतंत. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग कॉन्टॅक्टरचे चारही मोठे नट पाहिले. तीन घट्ट होते, निळ्या केबलचा पाव फेरा आवळला.

तुमचा ऋणी,
बागवाला