टेकडीवरच्या जीवांची नोंद हवी

महोदय,

परवा वेताळ टेकडीवर नातीने दगडावरचा सरडा दाखवून विचारलं, "आजोबा, याचं नाव काय?" मला सांगता आलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायला सुरुवात केली. ते काम अजून चालूच आहे, तेही आपल्या अंगणात! तुरेवाला छोटा चंडोल कर्नल साईक्स यांनी दख्खनमध्ये फिरताना टिपला आणि १८३२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली पळणारा, गळ्याला निळी-काळी-केशरी झालर असलेला सरडा मात्र स्वतंत्र प्रजाती ठरला तो २०१६ मध्ये. इतकी वर्षं तो सगळ्यांना दिसत होताच.

आपल्या टेकड्यांवर गवत उपटून, खड्डे खणून रोपं लावली जातात. हेतू चांगला असतो, पण त्याच गवतात चंडोल जमिनीवर घरटं करतो. महापालिकेने खणण्याआधी तिथल्या जीवांची नोंद करून घ्यावी. आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र आहे. तिथल्या तज्ज्ञांना आधी विचारावं, ही कळकळीची विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे