सुनंदास, चाईबद्दल

सातारा,
१४ जुलै

प्रिय सुनंदा,

तुझा फोटो काल रात्री तीनदा मोठा करून पाहिला. कानामागे रुपयाएवढी एक चाई, म्हणजे केस गळून पडलेला गुळगुळीत चट्टा, वर तिच्याहून लहान दुसरी. माझंही असंच सुरू झालं होतं. तुझी जाऊ म्हणते तशा त्या नव्या गोळ्या लगेच घेऊ नकोस, एवढं सांगायला आधी पत्र लिहायला बसले.

चाईत आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते. मुळं मरत नाहीत, म्हणून केस परत येऊ शकतात. एक-दोनच चट्टे असले तर वर्षभरात आपोआप भरून येतात असं पुष्कळदा होतं. कांद्याचा रस लावून केस आले म्हणणाऱ्या कित्येकींचे असेच आले असतील. रस लावायचा तर लाव, पण बिबा कुणाला घासू देऊ नकोस. कातडी भाजून व्रण पडला तर तिथलं मूळच जातं.

तुझ्या जागी मी इंजेक्शन घेतलं असतं. ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड बारीक सुईनं चट्ट्यातच थोडं थोडं टोचतात, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. दुखतं गं, खोटं कशाला सांगू. पण औषध बहुतांशी तिथल्या तिथेच राहतं. कधी कातडीला खळगा पडतो, तो बहुधा भरतो. सुईची भीतीच वाटली तर क्लोबेटासोल या स्टेरॉइडचं मलम आहे, त्याला वेळ लागतो. केस वाढवायला लावतात ते मिनॉक्सिडिल फक्त जोडीला.

माझं अर्धं डोकं गेलं होतं. एका डॉक्टरांनी पाच महिने रोज स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. केस आले, पण चेहरा सुजला, साखर वाढली. गोळ्या कमी केल्या तशी सकाळी उशी पुन्हा केसांनी भरायला लागली. आई काही न बोलता ती झटकायची, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. मग डीपीसीपी केलं. दर आठवड्याला डोक्यावर मुद्दाम ॲलर्जी उठवणारं औषध लावायचं, दोन दिवस धुवायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही. खाज सुटायची, मानेत गाठी यायच्या. सातव्या महिन्यात पांढरी लव दिसली, पुढे ती काळी झाली.

जाऊबाई म्हणतात ती गोळी बॅरिसिटिनिब असावी. अमेरिकेत २०२२ साली तिला चाईसाठी मान्यता मिळाली. निम्मं किंवा त्याहून जास्त डोकं गेलेल्यांवर चाचण्या झाल्या. ४ मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरातल्या ३६ ते ३९ जणांचं डोकं ३६ आठवड्यांत ८० टक्के तरी भरलं; नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हा आकडा ३ ते ६ होता. माझ्या वेळी ती असती तर मीही विचार केला असता. पण ती थांबवली की बहुतेकांचे केस पुन्हा जातात. आधी टीबीची तपासणी करावी लागते, जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. दोन चट्ट्यांसाठी एवढं अंगावर घेऊ नकोस.

थायरॉइड मात्र तपासून घे, तुझ्या आईलाही होता. इंजेक्शन शनिवारी ठरव, मी सकाळच्या एसटीनं येते. तोवर अंबाडा जरा खाली, सैल बांध. कानामागचं झाकलं जातं.

तुझी,
शैला