एअर पिस्तूल आधी हाताला बसवा, मग छर्रे उडवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात वैयक्तिक कांस्यपदक मिळवले आणि दोनच दिवसांनी सरबजोत सिंग यांच्यासह मिश्र सांघिक प्रकारात दुसरे कांस्य पटकावले. तेव्हापासून इंदुरातल्या मराठी घरांतूनही आठवी-नववीतली मुलेमुली नेमबाजीकडे वळताना दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. विजय कुमार यांच्यासारखा २०१२ चा ऑलिंपिक रौप्यपदक विजेता पिस्तूल नेमबाज ज्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडला, ते लष्कराचे नेमबाजी केंद्र आपल्या शेजारच्या महूतच आहे. तरीही या मुलांच्या सरावाची जी पद्धत शहरात रूढ होऊ पाहत आहे, तिच्याविषयी पालकांना, प्रशिक्षकांना आणि रेंज चालवणाऱ्यांना काही सांगणे मला अगत्याचे वाटते.

स्पर्धेचे आयात केलेले पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. एवढा पैसा घालून घेतलेली वस्तू पेटीतून निघते आणि त्याच दिवशी मुलाच्या हाती देऊन छर्रे उडवणे सुरू होते. नेम धरण्यासाठी पिस्तुलावर पुढे आणि मागे अशा दोन साइट्स असतात; नेम चुकू लागला की मागच्या साइटचा स्क्रू फिरवला जातो, मग चापाचा, मग पुन्हा साइटचा. काही आठवड्यांत पिस्तूल कसे बसवलेले होते हे कोणालाच आठवत नाही आणि मुलाच्या मनात मात्र आपल्याला जमत नाही ही भावना घर करते. माझे म्हणणे एवढेच आहे की पिस्तूल मुलाच्या हाताला एकदा नीट बसवावे, त्याची नोंद वहीत करावी, आणि त्यानंतर दीर्घकाळ स्क्रूंना हात न लावता मुख्यतः छर्ऱ्याविना सराव करावा.

बसवण्याची सुरुवात मुठीपासून होते आणि सर्वाधिक वेळही तिलाच द्यायला हवा. मुलाने पिस्तूल धरून डोळे मिटावेत, हात नेहमीसारखा उचलून स्थिरावू द्यावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या साइटमधल्या खाचेच्या मधोमध आणि वरच्या कडांशी समपातळीत दिसली, तर मूठ बसली असे समजावे. ती दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल, तर दोष मुठीच्या कोनात किंवा आकारात असतो आणि तो मागच्या साइटचा स्क्रू फिरवून झाकणे चुकीचे आहे. लाकडी मूठ जिथे टोचते तिथे पॉलिश पेपरने थोडी थोडी घासावी, जिथे तळहात पोकळ राहतो तिथे लाकडी पुट्टी भरावी, आणि तळहाताखालची सरकती पट्टी हात आवळला जाणार नाही इतपतच वर आणावी. मनगट मोकळे राहिले पाहिजे, कारण मुठीचा आधार हाताच्या पंजापलीकडे जाणे नियमांना मान्य नाही. वाढत्या वयात पंजा बदलतो, त्यामुळे काही महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करावी लागते. थोरल्या भावाची मूठ धाकट्या बहिणीला चालवून घेणे हा काटकसरीचा मार्ग मुळीच नव्हे. डावखुऱ्या मुलांची मूठ तर वेगळीच घ्यावी लागते.

मुठीवर मी इतका भर का देतो, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. एअर पिस्तुलाच्या दोन साइट्समधले अंतर साधारण ३३ सेंटिमीटर असते आणि लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे त्याच्या तीसपट लांब. पुढची साइट खाचेत अवघी एक मिलिमीटर सरकली, तर छर्रा लक्ष्यावर सुमारे ३० मिलिमीटर दूर लागतो आणि दहाऐवजी सात गुण मिळतात. उलट दोन्ही साइट्स एकमेकींशी अचूक जुळलेल्या असताना सगळा हातच पाच मिलिमीटर इकडेतिकडे हलला, तरी छर्रा तेवढाच सरकतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे आणि ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याची कड त्याला शिवली तरी दहा गुण मोजले जातात, त्यामुळे तो नेम दहाच राहतो. हात हलणारच, जागतिक विजेत्यांचाही हलतो. मुलाची नजर काळ्या वर्तुळावर खिळली की साइट्स फिसकटतात, म्हणून नजर पुढच्या साइटवर स्थिर हवी आणि लक्ष्य धूसर दिसले तरी चालते. याच कारणाने काळ्याच्या कडेला टेकवून नेम धरण्याऐवजी त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात नेम धरणे नवशिक्यांना सोपे जाते. पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना खाचेत स्वच्छ उजेड दिसेल इतकी खाच रुंद ठेवावी.

मागच्या साइटचे क्लिक फिरवायचे ते एका छर्ऱ्यावरून कधीही नाही. पाच छर्ऱ्यांचा गट एकाच जागी पडत असेल आणि ती जागा मध्यापासून दूर असेल, तरच साइट हलवावी. गट ज्या दिशेला न्यायचा त्याच दिशेला मागची साइट सरकते, हे मुलाला समजावून द्यावे. स्क्रू कोणत्या बाजूला फिरवल्यावर काय होते, हे प्रत्येक बनावटीत वेगळे असू शकते. ते पुस्तिकेत पाहून वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

चापाचे वजन नियमाने किमान ५०० ग्रॅम हवे. ५०० ग्रॅमचे वजन चापाला अडकवून, नळी उभी ठेवून पिस्तूल उचलले असता चाप सुटता कामा नये, अशी ती तपासणी असते. वजन काठावर न ठेवता दहा-वीस ग्रॅम जास्त ठेवणे शहाणपणाचे. चाप दोन टप्प्यांत दाबला जातो; वजनातला मोठा भाग पहिल्या टप्प्यावर असावा, म्हणजे बोट आधीच बहुतेक भार पेलून स्थिर होते आणि दुसऱ्या टप्प्याला थोडाच जोर पुरतो. चाप सुटल्यावर तो फार मागे जाणार नाही असा अटकाव बसवावा. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर यावा आणि बोट मुठीच्या कडेला घासू नये. स्पर्धेच्या दारात तपासणीत वजन कमी भरते, कोणीतरी घाईघाईने स्क्रू पिळतो आणि मूल अनोळखी चापाने साठ नेम मारायला उभे राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचे फार वाईट वाटते.

सरावाविषयी पालकांची समजूत अशी दिसते की छर्ऱ्यांचे डबे जितके लवकर संपतील तितकी प्रगती जास्त. स्पर्धेत साठ नेमांसाठी ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे घाई करण्याचे काहीच कारण नसते. शिकायचे असते ते प्रत्येक वेळी तेच करणे: हात लक्ष्याच्या वर नेणे, श्वास थोडा सोडत खाली आणून नेमाच्या जागी स्थिरावणे, साइट्सवर नजर ठेवून चापावरचा दाब सलग वाढवत राहणे, आणि चाप सुटल्यानंतरही एक-दोन सेकंद तसेच उभे राहणे. आठ-दहा सेकंदांत चाप सुटला नाही, तर हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायची. हे सारे छर्ऱ्याविना, घरच्या कोऱ्या भिंतीसमोर अधिक चांगले शिकता येते, कारण तिथे गुण नसतात आणि चाप सुटताना साइट हलली की ते लगेच दिसते. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत त्यासाठी कोरड्या सरावाची सोय असते. घरी मात्र मोठ्या माणसाने नळी आणि छर्ऱ्याची जागा रिकामी आहे हे दर वेळी पाहावे, सराव नसताना नळी रिकामी असल्याचे दाखवणारा सुरक्षा-दोरा नळीत ठेवावा आणि पिस्तूल कुलूपबंद पेटीत असावे. पिस्तुलाचे हवेने भरलेले सिलिंडर मे महिन्याच्या उन्हात गाडीत ठेवू नये, आणि त्यावर छापलेली दहा वर्षांची मुदत संपली की ते बदलावे. शिशाचे छर्रे हाताळल्यावर खाण्याआधी हात धुणे हेही शिकवावे लागते.

शहरातल्या रेंज चालकांना माझी विनंती आहे की ५०० ग्रॅमचे तपासणीचे वजन त्यांनी वर्षभर कोणालाही वापरता येईल असे ठेवावे, महिन्यातला एक दिवस केवळ मुठी आणि साइट्स बसवून देण्यासाठी राखावा, आणि कोरड्या सरावासाठी एक लेन नाममात्र शुल्कात उपलब्ध करावी. ज्यांना पिस्तूल परवडत नाही त्या मुलांनाही रेंजचे पिस्तूल घेऊन तिथे उभे राहता येईल. महूतून निवृत्त होऊन इंदुरात स्थायिक झालेल्या लष्करी नेमबाजांनी अशा दिवशी दोन तास दिले, तर मुठी कशा घासाव्यात हे त्यांच्याकडून शिकण्यास आमच्यासारखे प्रशिक्षकही आनंदाने येतील. आपण हे पत्र छापल्यास ते त्यांच्यापर्यंत पोहोचेल, अशी आशा आहे.

आपला विश्वासू,
एक नेमबाजी प्रशिक्षक,
रामबाग, इंदूर