टीव्ही गेम किलोवर देऊ नका

महोदय,

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम भंगारवाल्याच्या हवाली करणाऱ्यांसाठी हे पत्र. माझा धंदा टीव्ही दुरुस्तीचा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून असले गेम शोधून आणायचे आणि चालू करायचे, हा नाद.

तिथे गेम अख्खा क्वचितच मिळतो. यंत्र एका पथारीवर, रिमोट तिसरीकडे, अडॅप्टर वायरींच्या ढिगात. खोका आणि माहितीपत्रक तर केव्हाच रद्दीत गेलेलं. मग हाताला येईल तो अडॅप्टर लावायचा, आणि त्याचं प्लस-मायनस उलटं निघालं की आतलं सर्किट जळालंच म्हणून समजा. विकणाऱ्याला तरी काय बोलणार? त्याच्या लेखी ते किलोवर जाणारं प्लास्टिक.

सामुराई, लिटल मास्टर ही टीव्ही गेमच्या यंत्रांची नावं नव्वदीत शाळेत असलेल्यांना सांगायला नकोत. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीचं १९८३ चं फॅमिकॉम हे यंत्र. गेमची पिवळी कॅसेट उघडली की डबी बरीचशी रिकामीच. टिचभर पाटीवर काळ्या लुकणाचा एक ठिपका आणि त्याखाली चिप. लेबलवर ‘९९९९९९९ इन १’, आत तेच चार-दोन गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. (ग्राहक मंचात कसं कोणी गेलं नाही, कोण जाणे.) बदकं मारायची बंदूक घेऊन येणाऱ्यांना मी आधीच सांगतो, ही एलईडी टीव्हीवर चालणार नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि तो बंदुकीतल्या सेन्सरला दिसला तर नेम लागला. त्यासाठी पिक्चर ट्यूबचाच टीव्ही हवा, आणि तो तर लोक गेमच्याही आधी फेकतात.

मारिओसारख्या जगप्रसिद्ध गेमची मला काळजी नाही, त्याला जपणारे जगभर आहेत. जीव अडकतो तो आपल्याकडच्या डिस्कांत. ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ हे प्लेस्टेशन २ या यंत्रावरचे गेम २००९ मध्ये आले, दोन्ही हैदराबादेत तयार झालेले. ‘देसी अड्डा’त तर विटीदांडू, कबड्डी, पतंग. ते जपानी किंवा अमेरिकन माणसाने आपल्यासाठी का जपून ठेवावेत?

१९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती देशातल्या ठरावीक ग्रंथालयांत जमा कराव्या लागतात. त्यात मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. गेमला असं काही बंधन नाही. आपल्याच पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघालं, पण १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत त्याच्या हाती लागली नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर महापालिकेने एखाद्या वाचनालयात एक कपाट आणि ट्यूबच्या टीव्हीपुरती जागा द्यावी. दुरुस्तीचं मी बघतो, पैसे नकोत.

आणि घरातला गेम काढायचाच असेल, तर यंत्र, रिमोट, अडॅप्टर, कॅसेट एकाच पिशवीत बांधून द्या. तांब्याचे वेगळे पैसे येतात म्हणून वायर तेवढी कापून ठेवू नका.

— एक टीव्ही मेकॅनिक, कसबा पेठ, पुणे