या सीझनलाच का?

प्रिय मनू,

‘या सीझनला तो रूट झाला नाही तर मी क्लायम्बिंग सोडून देणार,’ हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाहीये. समोरासमोर बोलायला गेले तर आपलं दोघींचं वाजेल, म्हणून लिहिते आहे.

तू चढाईसाठी अवघड रूट (वाट) निवडलास याचा मला मनापासून आनंद आहे. माझं म्हणणं आहे ते तू स्वतःला घातलेल्या मुदतीबद्दल. मुदत ठरल्यापासून प्रत्येक फॉल तुला नापासाचा शेरा वाटायला लागलाय.

बिले मी देते, म्हणजे खालून तुझा दोर सांभाळते, त्यामुळे तुला वरून जे कळत नाही ते मला खालून दिसतं. क्रक्सच्या, म्हणजे रूटच्या सगळ्यात अवघड भागाच्या, आधीच्या त्या बारीक होल्डवर आलीस की तू श्वास रोखून धरतेस. बोटं गरजेपेक्षा गच्च आवळतेस. उजवा हात वर जायच्या आतच डावी टाच उचलली जाते, पायावरचा भार जातो, आणि तू सुटतेस. खाली आलीस की म्हणतेस, ‘ताकद कमी पडतेय.’ मला ते पटत नाही. इतकं आवळून धरलं की कोपराखालच्या स्नायूंतलं रक्ताभिसरण दबतं आणि हात पंप होतात, म्हणजे फुगून जड पडतात, हे तूच मला शिकवलंयस. मुदत ठरण्याआधी याच जागी तू शांतपणे पाय रोवायचीस, हेही मी पाहिलंय. तुला पडायची भीती नाही, दोरावर तुझा विश्वास आहे. आपल्याला जमणारच नाही की काय, ही भीती आहे, आणि तीच टाच उचलते.

डॉन वॉल या अवघड रूटची गोष्ट तुला पाठ आहे, पण तू त्यातली फक्त जिद्द उचलतेस. टॉमी कॉल्डवेल आणि केविन जॉर्जसन जानेवारी 2015 मध्ये अमेरिकेतल्या एल कॅपिटन कड्याच्या माथ्यावर पोचले, त्या वेळी ते सलग 19 दिवस भिंतीवर होते. कॉल्डवेल तर कित्येक वर्षं त्या रूटच्या मागे होता, तेही डाव्या हाताची तर्जनी अर्धी गमावलेली असताना. पंधराव्या पिचवर, म्हणजे रूटच्या पंधराव्या टप्प्यावर, जॉर्जसन दिवसेंदिवस अडकला. बोटांच्या टोकांची कातडी फाटली, तेव्हा त्याने काय केलं? विश्रांती घेतली, कातडी भरून येऊ दिली. ज्याच्या डोक्यावर साऱ्या जगाच्या बातम्यांचं ओझं होतं, त्याने भिंतीवर टांगलेल्या तंबूत नुसतं बसून दिवस काढले! मला त्या गोष्टीत हेच सगळ्यात अवघड वाटतं. आणि कॉल्डवेलला सोळाव्या पिचवरची आडवी उडी जमेना, तर तो खाली उतरून वळसा घालून पुढे गेला. उडीच मारली पाहिजे असा हट्ट त्याने धरला नाही.

चेक क्लायम्बर ॲडम ओंड्राने 2017 मध्ये नॉर्वेच्या फ्लाटांगर गुहेत ‘सायलेन्स’ हा रूट पूर्ण केला, 9सी या अवघडपणाच्या श्रेणीचा जगातला पहिला. त्यासाठी तो जमिनीवर पडून, डोळे मिटून एकेक मूव्ह अंगात भिनवायचा; गुडघा अडकवून विसावा घेता यावा म्हणून पोटऱ्यांचा वेगळा व्यायाम करायचा. ‘जमत नाही’ म्हणून तो थांबला नाही, नेमकं काय जमत नाही ते शोधत गेला. तुझ्याकडे त्याचं उत्तर आधीच आहे: डावी टाच.

आता बोटांबद्दल, आणि इथे मी ऐकून घेणार नाही. तू पंधरा वर्षांची आहेस. बोटांच्या हाडांची वाढ अजून चालू आहे, आणि वाढीच्या वयात फार ताण पडला तर मधल्या सांध्याजवळच्या वाढपट्टीला फ्रॅक्चर होऊ शकतं. परवा मधलं बोट दाबत होतीस, विचारलं तर ‘काही नाही’ म्हणालीस. सांध्याच्या पाठीमागच्या बाजूला दुखत असेल तर टेप गुंडाळून चढायचं नाही. आधी डॉक्टर, आणि पाय न लावता नुसत्या बोटांवर चढायचा तो कॅम्पस बोर्ड तर पूर्ण बंद. स्नायू लवकर तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध मागून येतात. त्यांना तुझा सीझन कळत नाही गं.

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर पुढच्या खेपेला खालून सुरुवातच करू नकोस. क्रक्सच्या वरच्या बोल्टपासून (दोर अडकवायच्या खिळ्यापासून) चेनपर्यंत, म्हणजे रूटच्या शेवटापर्यंत, चढ. मग एक बोल्ट खालून, मग आणखी एक. म्हणजे शेवटचा भाग दमलेल्या हातांनाही ओळखीचा होईल. क्रक्सवर फक्त टाच खाली ठेवायची आणि श्वास सोडायचा. मूव्ह झाली की नाही ते त्या दिवशी मी विचारणार नाही, पाय कसा होता ते विचारीन.

सोडायचंच असेल तर खुशाल सोड, मला वाईट वाटणार नाही. फक्त चढण्याचा कंटाळा आला म्हणून सोड, कॅलेंडर बघून नको. बोटाचं काय ते मला आज रात्री खरं खरं सांग.

तुझी,
आई