सेवेची वर्षे म्हणजे निष्ठा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यांच्या वर्धापनदिनी पंचवीस वर्षे सेवा झालेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि सेवेची वर्षे हेच निष्ठेचे माप ठरते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत कार्मिक विभागात नोकरी केलेल्या मला हे माप अपुरे वाटते.

कॅनडातील जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली नोकरीतील बांधिलकीचे तीन पदर मांडले : मनापासूनची ओढ, सोडल्यास होणाऱ्या नुकसानीची जाणीव आणि कर्तव्याची भावना. पुढील अभ्यासकांनी हे पदर सुटे न मोजता एकाच माणसात ते कसे मिसळतात, हे तपासले. कर्तव्यभावनेला ओढीची जोड असली तर माणूस नेमून दिलेल्या कामापलीकडेही हात लावतो. नुकसानीच्या धास्तीची जोड असली तर तीच भावना ओझे होते, असे त्यातून दिसले.

आपल्याकडे हा धास्तीचा पदर जाड आहे. थकलेले आईवडील, चार हापूस कलमे, गृहकर्जाचा हप्ता आणि मुंबईत न परवडणारी खोली, यांमुळे खेड-चिपळूणचा कामगार राजीनामा देत नाही आणि व्यवस्थापन त्यालाच निष्ठा समजते. बंदरावर उचल घेतलेला खलाशी हंगाम पुरा करतो, त्याला बोटीचा प्रमुख असलेला तांडेलसुद्धा निष्ठावंत म्हणत नाही. हप्त्याने बांधलेल्याला मात्र आपण शाल पांघरतो. उलट, गणपती आणि शिमग्याला हटकून रजा घेणाऱ्या एका बॉयलर अटेंडंटच्या नावापुढे मीच ‘अनियमित’ असा शेरा मारला होता. जुलै २०२१ च्या पुरात पाळी बदलायला कोणी पोहोचू शकले नाही, तेव्हा घरची काहीच खबर नसताना सलग तीन पाळ्या बॉयलरपाशी उभा राहिला तो हाच. शेरा नंतर खोडता आला नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून वसाहतीतील उद्योजकांनी स्थानिक महाविद्यालयांच्या मदतीने या तिन्ही पदरांची पाहणी करावी, असे सुचवावेसे वाटते. प्रश्नावली मराठीत आणि निनावी असावी, कंत्राटी कामगारांनाही द्यावी, भरलेले कागद सुपरवायझरच्या हाती जाऊ नयेत आणि बोनसच्या तोंडावर तर ती मुळीच वाटू नये. त्या दिवसांत सगळेच निष्ठावंत असतात.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी, चिपळूण